नऊ म्हणजे नेमके किती?

बुद्धिबळाच्या स्मृती स्पर्धेच्या पत्रकावर ठळक अक्षरांत 'पहिली फेरी सकाळी ९ वाजता'. प्रत्यक्षात पहिलं प्यादं हलतं पावणेअकराला! आधी सत्कार, मग भाषणं (ज्यांच्या स्मृतीसाठी स्पर्धा, त्यांच्याबद्दल त्यात जेमतेम दोन वाक्यं). तोवर दारात ऐनवेळच्या नोंदण्या सुरूच. पहिली फेरी लागल्यावर नावं वाढली की स्विस पद्धतीच्या (कुणी बाद होत नाही, सारख्या गुणांचे खेळाडू एकमेकांशी) जोड्या पुन्हा पाडा, भिंतीवरचा कागद बदला, पोरं पटांवरून उठून परत तिथे झुंबड करणार. अरे, नोंदणी आदल्या संध्याकाळी बंद करा ना! उशिरा येणाऱ्याला दुसऱ्या फेरीपासून घ्या.

खरा संताप पुढचा. प्रत्येकाला १५ मिनिटं अधिक दर चालीला १० सेकंद, म्हणजे ६० चालींचा डाव ५० मिनिटांपर्यंत जातो. सहा फेऱ्यांना पाच तास, मधला वेळ वेगळा. उशीर झाला की कात्री कशाला लागते? त्या १० सेकंदांना! मग नऊ वर्षांचं पोर एक हत्ती जास्त असूनही वेळ संपून हरतं. मात द्यायला चाली वीस, घड्याळात सेकंद बारा. मोहरी आडवी, दोघांचे हात घड्याळावर. चाल ज्या हाताने, घड्याळही त्याच हाताने दाबायचं, हे तेव्हा कोण बघतंय!