सावली नसलेला बटू

बाबूचं लग्न ठरलं आणि मावशीला माझ्या हलत्या पत्रिकेची आठवण झाली. "अरे, मुंजीला तू केली होतीस ना, बटू झोळी पुढे करतो ती? हॉलमध्ये पडद्यावर लावू." मी "हो, आहे ना" म्हणून मोकळा झालो. माझ्या बहुतेक फजित्यांची सुरुवात या तीन शब्दांनी होते.

ती पत्रिका 2001 सालची. साताऱ्यात क्लास लावून मी नुकताच फ्लॅश 5 शिकलो होतो, म्हणजे संगणकावर हलती चित्रं करायचा प्रोग्रॅम. सेकंदाला बारा चित्रं. पहिला आणि शेवटचा आकार आपण द्यायचा, मधलं सगळं शेप ट्वीन नावाची सोय भरणार. त्याने भरलं खरं, पण झोळीकडे निघालेला मावशीचा हात वाटेत वितळून पळीसारखा व्हायचा. मावशी म्हणाली, "चालेल, पळी तर पळी. भिक्षावळच आहे." बटूच्या पायाशी सावली मात्र मी हाताने काढली होती. त्या सावलीचा मला फार अभिमान होता.

फ्लॅशची कुळकथा जुन्या काळच्या सासुरवाशिणीसारखी आहे. 1996 साली जन्म, माहेरचं नाव फ्यूचरस्प्लॅश ॲनिमेटर. मॅक्रोमीडिया कंपनीच्या घरात आल्यावर तांदळाच्या ताटात नाव लिहिलं गेलं, फ्लॅश. 2005 च्या डिसेंबरात ते घरच अडोबी कंपनीने घेतलं. 2016 साली पुन्हा ताट पुढे आलं, नाव पडलं ॲनिमेट. नावाचं एक वेळ समजू शकतो, पण आकडे? 5 नंतर 6 येतात हे बालवाडीत शिकवतात. इथे 2002 साली एमएक्स आलं. त्यापुढचं एमएक्स 2004, आणि ते आलं 2003 मध्ये, दिवाळी अंक गणपतीतच हातात पडावा तसं. मग एकदम 8. मग थेट सीएस3, म्हणजे अडोबीच्या क्रिएटिव्ह सूट या संचाचा आकडा. फ्लॅशमध्ये सीएस1 आणि सीएस2 कधी झालेच नाहीत.

त्यातही एमएक्स 2004 मध्ये माझ्यासारख्यांचा आधार असलेला नॉर्मल मोडच काढून टाकला. तोवर कोड टाइप न करता यादीतून निवडता यायचा. पुढे 8 मध्ये तो स्क्रिप्ट असिस्ट या नावाने परत आला, पण मधली दोन वर्षं मी एका सेमीकोलनपायी रात्री जागवल्या.

पण खरी परीक्षा झाली 2009 मध्ये. बाबू दहावी पास झाला आणि "तोच बटू, फक्त हातात पेढे" अशी मागणी आली. ऑफिसात सीएस4 होतं. त्यात सावलीचा फिल्टर आयता मिळत होता, म्हणून मी हाताने काढलेली सावली पुसली, फिल्टर लावला आणि त्याच फाइलवर सेव्ह केलं. घरी आलो, तर घरच्या मशीनवर एमएक्स 2004. ते फाइल उघडेना. या घराण्यात रीत अशी, की प्रत्येक आवृत्ती फक्त बापाशी बोलते. आजोबांशी बोलायचं तर निरोप बापामार्फत. सीएस4 फाइल देणार सीएस3 ला, सीएस3 देणार 8 ला, आणि 8 पोचवणार एमएक्स 2004 कडे.

पेनड्राइव्ह खिशात घालून मी गावभर फिरलो. सीएस3 एका फोटो स्टुडिओत सापडलं. मालक म्हणाला, "पासपोर्ट फोटो काढून घ्या, मग बसा." 8 माझ्या जुन्या क्लासात होतं, तिथे सरांनी आधी तासभर नव्या मुलांना शिकवायला लावलं. शेवटच्या पायरीवर सूचना आली, की जुन्या आवृत्तीत नसलेल्या काही गोष्टी जातील. जाऊ देत म्हटलं. फिल्टर हे 8 पासूनचं लेणं, एमएक्स 2004 ला ते ठाऊकच नाही. घरी बटू उघडला, पेढे होते, सावली नव्हती. सावली कुणाला नसते हे मावशीला चांगलं माहीत आहे, म्हणून मी काही बोललो नाही. पेढ्यांच्या गडबडीत तिचंही लक्ष गेलं नाही.

आता लग्नासाठी हाताशी उरली होती फक्त त्या 2009 च्या बटूची एसडब्ल्यूएफ फाइल, म्हणजे फ्लॅशमधून तयार होऊन निघालेली, नुसती बघायची. ती चालवणाऱ्या फ्लॅश प्लेअरला 31 डिसेंबर 2020 ला निरोप दिला गेला आणि 12 जानेवारी 2021 पासून त्याने स्वतःहून फाइली चालवणं बंद केलं. शेवटी भाचीने रफल नावाचं काहीतरी शोधलं. मेलेल्या फ्लॅशचं काम हौशी लोकांनी नव्याने लिहिलंय म्हणे. फाइल त्यात टाकली आणि बटू उठून चालायला लागला.

मावशीने चष्मा लावून दोनदा पाहिलं. पळीही पाहिली.

"सगळं तसंच आहे रे," ती म्हणाली. "पण मुंजीत याला सावली होती ना?"