‘गाडी दाखवा, माणूस सांगतो’ म्हणणाऱ्यांना उत्तर

गाडीवेड्यांमध्ये एक यादी वर्षानुवर्षं फिरते आहे. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच राहतो. आशियाई लोकांना गाडी चालवता येत नाही. जपान्यांनी सगळं उचललं, त्यांच्या गाड्यांत जीव नाही. जर्मन आणि जपानी माणूस जन्मजात काटेकोर, म्हणून त्याची गाडी टिकते. लोरायडर, म्हणजे जमिनीलगत खाली आणून सजवलेली गाडी, दिसली की आत टोळीवाला मेक्सिकन बसलेला. कृष्णवर्णीयांना फक्त चकचकीत रिम्स हव्यात, शर्यत त्यांच्या रक्तात नाही. आणि कोणी हरकत घेतलीच तर ढाल आधीपासून तयार: ‘अहो, गंमत आहे.’

ही वाक्यं मुख्यतः अमेरिकेत घडली, म्हणून पुरावेही तिथलेच घेतो.

‘आशियाई लोकांना गाडी चालवता येत नाही.’ इथे ताकुमा सातोचं नाव पुढे करायचा मोह होतो. इंडियानापोलिस ५०० ही शर्यत त्याने २०१७ आणि २०२० अशी दोनदा जिंकली. पण समोरचा लगेच म्हणणार, ‘तो अपवाद’, आणि एका विजेत्यावरून सगळ्या समाजाबद्दल बोलू नये हे मलाही मान्य आहे. फक्त मग चौकात चुकीचं वळण घेणाऱ्या एका माणसावरूनही बोलू नये. अमेरिकेत लोकसंख्येच्या प्रमाणात रस्ते अपघातात मरण पावणाऱ्यांचा दर वंशनिहाय पाहिला तर आशियाई गटाचा दर सर्वांत कमी आहे. म्हणून ते उपजत उत्तम चालक, असा उलटा निष्कर्ष मी काढणार नाही. कोण कुठल्या शहरात राहतं, किती मैल चालवतं, बस-रेल्वे किती वापरतं, किती वेगाच्या रस्त्यावरून जातं, हे सगळं त्या आकड्यात मिसळलेलं आहे. दुसऱ्या देशात चालवायला शिकलेला माणूस नव्या रस्त्यावर सुरुवातीला चाचपडतो, पण तो सरावाचा प्रश्न असतो. आपल्यासारखा दिसणारा माणूस आडवा आला तर आपण म्हणतो, ‘काय गाढव आहे’. वेगळा दिसणारा आला की म्हणतो, ‘ही माणसं अशीच’. यादीतलं पहिलं वाक्य एवढ्याच भांडवलावर उभं आहे.

‘जपान्यांनी चोरलं, गाड्यांत जीव नाही.’ निसानने पन्नासच्या दशकात ब्रिटिश ऑस्टिन गाड्या परवान्यावर बनवल्या, हे खरं आहे. पैसे मोजून, करार करून. आता दुसरी बाजू. बीएमडब्ल्यूची पहिली मोटारगाडी कोणती? डिक्सी, म्हणजे परवान्यावर बनवलेली ऑस्टिन सेव्हन. तिकडे तो ‘वारसा’ होतो आणि इकडे ‘नक्कल’!

नक्कल करणाऱ्यांनी नंतर काय केलं, तेही पाहू. अमेरिकेत १९७० साली हवा प्रदूषणाचा कडक कायदा आला तेव्हा डेट्रॉइटच्या, म्हणजे अमेरिकेच्या मोटार-राजधानीतल्या कंपन्या म्हणत होत्या, एवढ्या मुदतीत हे होणं शक्य नाही. होंडाने सीव्हीसीसी इंजिन आणलं. सिलिंडरला जोडून एक छोटा कक्ष, त्यात इंधनाचं प्रमाण जास्त असलेलं मिश्रण आधी पेटतं आणि ती ज्वाला मुख्य कक्षातलं कमी इंधनाचं मिश्रण पेटवते. जळण स्वच्छ होतं, धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लागत नाही. छोट्या इंजिनात हे जमेल, मोठ्यात नाही, अशी शंका निघाली तेव्हा होंडाने १९७३ची शेव्हरोले इम्पाला घेतली, तिच्या व्ही-८ इंजिनावर हीच पद्धत बसवली आणि ती गाडी सरकारी चाचणीत पास करून दाखवली. हे उचललेलं असेल तर कोणाकडून उचललं, हे यादीवाल्यांनी सांगावं.

पण या मुद्द्यावर माझा आवडता साक्षीदार होंडाचा नाही. त्याचं नाव लॅरी शिनोडा, लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेला अमेरिकन. १९४२ साली सरकारने जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना छावण्यांत डांबलं, त्यातले बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक होते. शाळकरी शिनोडा मँझनारच्या छावणीत गेला. सुटल्यावर हॉट रॉड, म्हणजे वेगासाठी फेरफार केलेल्या जुन्या गाड्या, बांधू लागला आणि १९५५ साली कॅन्ससमधल्या ग्रेट बेंड इथे झालेल्या पहिल्या राष्ट्रीय ड्रॅग (सरळ रेषेतल्या छोट्या शर्यतीच्या) स्पर्धेत आपल्या वर्गात जिंकला. पुढे जनरल मोटर्समध्ये डिझाइनप्रमुख बिल मिचेलच्या हाताखाली १९६३च्या कॉर्व्हेट स्टिंग रेच्या रेखाटनात त्याचा मोठा वाटा होता. मग फोर्डमध्ये जाऊन मस्टँग बॉस ३०२ला तिचं रूप दिलं, ‘बॉस’ हे नावही त्याचंच. जपानी गाड्यांना ‘राइस बर्नर’ (तांदूळ जाळणाऱ्या) असं हिणवत ज्या दोन गाड्यांची चित्रं ‘अस्सल अमेरिकन’ म्हणून भिंतीवर लावली जातात, त्या या माणसाच्या हातच्या आहेत.

‘जर्मन-जपानी माणूस जन्मजात काटेकोर.’ ही स्तुती आहे, म्हणून ती सहज खपते. मला ती शिवीइतकीच निरुपयोगी वाटते. फोक्सवॅगनने जगभरात सुमारे १ कोटी १० लाख डिझेल गाड्यांत चाचणीला फसवणारं सॉफ्टवेअर घातल्याचं २०१५ मध्ये उघड झालं. जपानच्या ताकाताच्या सदोष एअरबॅगनी माणसं मारली आणि कंपनी २०१७ मध्ये दिवाळखोरीत गेली. रक्त तेच होतं.

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉन्टच्या कारखान्याची गोष्ट याहून बोलकी आहे. जनरल मोटर्सचा हा कारखाना बेशिस्तीसाठी बदनाम होता. कामगार दांड्या मारत, कामावर पीत, आणि गाड्या जोडणारी लाइन मात्र काही झालं तरी थांबवायची नाही असा शिरस्ता. सदोष गाड्या तशाच पुढे जात. १९८२ साली तो बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटाशी भागीदारी करून तिथेच नूमी नावाने काम सुरू झालं. घेतलेल्या कामगारांत बहुसंख्य जुनेच होते, युनियनही तीच. बदलली ती पद्धत. दोष दिसला की कुठल्याही कामगाराने दोरी ओढायची, मदत मागायची, गरज पडली तर लाइन थांबवायची. थोड्याच काळात तिथल्या गाड्यांची गुणवत्ता टोयोटाच्या जपानमधल्या कारखान्याच्या जवळपास पोहोचली. आणि जपानी कारखान्यांना दर्जा-नियंत्रणाचे धडे द्यायला १९५० साली कोण गेलं होतं? डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग, अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ. त्यांच्या नावाचा पुरस्कार जपानने पुढच्याच वर्षी सुरू केला. काटेकोरपणा शिकवता येतो, विसरताही येतो.

‘लोरायडर म्हणजे टोळी.’ मेक्सिकन-अमेरिकन तरुणांनी दुसऱ्या महायुद्धानंतर गाड्या खाली आणल्या, सावकाश मिरवल्या. १९५८ मध्ये कॅलिफोर्नियात नियम आला की गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली नको. रॉन अगीरेने १९५९ साली आपल्या कॉर्व्हेटवर हायड्रॉलिक पंप बसवले. बटण दाबलं की गाडी कायदेशीर उंचीवर, पुन्हा दाबलं की खाली. नियमातून काढलेली ही पळवाट पुढे त्या गाड्यांची ओळख बनली. पुढे अनेक शहरांनी अशा मिरवण्यावरच बंदी घातली, ती राज्याने १ जानेवारी २०२४ पासून उठवली आणि उंचीचा तो नियमही त्याच कायद्याने गेला. पासष्ट वर्षं ज्या छंदाला पोलिसांकडूनच अडवलं गेलं, त्यातल्या माणसांची पोलिसांशी गाठ पडत होती म्हणून ते गुन्हेगार, हा तर्क स्वतःभोवतीच फिरतो. ‘जिप्सी रोझ’ ही १९६४ची गुलाबी इम्पाला २०१७ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर काचेच्या पेटीत मांडली होती. तिच्यावरची गुलाबं हाताने रंगवलेली आहेत. ते काम पाहावं आणि मग बोलावं.

‘शर्यत त्यांच्या रक्तात नाही.’ दार बंद करून आत कोणी दिसत नाही म्हणायचं, असा हा प्रकार. इंडियानापोलिस ५०० मध्ये कृष्णवर्णीयांना घेत नसत, म्हणून त्यांनी १९२४ पासून त्याच शहरात ‘गोल्ड अँड ग्लोरी’ ही स्वतःची शर्यत भरवली. चार्ली विगिन्स ती चार वेळा जिंकला. ५०० मध्ये पहिला कृष्णवर्णीय चालक, विली टी. रिब्ज, पात्र ठरला तो १९९१ साली.

वेंडेल स्कॉटचं तर याहून वाईट. १ डिसेंबर १९६३, जॅक्सनव्हिल. नॅस्कार या अमेरिकन शर्यत-मालिकेच्या सर्वोच्च गटातली शर्यत त्याने दोन फेऱ्यांच्या आघाडीने संपवली. झेंडा मात्र बक बेकरला दाखवला गेला आणि करंडकही त्यालाच मिळाला. काही तासांनी, प्रेक्षक घरी गेल्यावर, मोजणीत चूक झाली असं सांगून स्कॉटला विजेता ठरवलं. हा माणूस स्वतःच मेकॅनिक, घरचे लोक हीच त्याची टीम, सुटे भाग जुने, मोठा प्रायोजक नाही. तरी जवळपास ५०० शर्यतींत उतरला. त्याच्या कुटुंबाला त्या विजयाचा करंडक मिळाला २०२१ मध्ये, तोवर त्याला जाऊन तीस वर्षं उलटली होती. त्या गटात दुसरा कृष्णवर्णीय विजेता, बबा वॉलेस, तोही २०२१चाच. मधली अठ्ठावन्न वर्षं रक्ताने नाही, पैशाने आणि प्रवेशाने समजावता येतात. हा खेळ लहानपणापासून खर्च मागतो.

राहिलं ‘गंमत आहे’. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला डेट्रॉइट परिसरात नोकऱ्या जात होत्या आणि जपानी गाड्या हातोड्याने फोडण्याचे जाहीर कार्यक्रम होत. तेही लोक हसतच करत. जून १९८२ मध्ये तिथे व्हिन्सेंट चिन या २७ वर्षांच्या तरुणाला क्रायस्लरच्या एका पर्यवेक्षकाने बेसबॉलच्या बॅटने मारलं. त्या पर्यवेक्षकाचा सावत्र मुलगा सोबत होता. ‘तुमच्यामुळे आम्ही बेकार झालो’ अशा अर्थाचं पर्यवेक्षक ओरडला, असं एका साक्षीदाराने सांगितलं. चिनचं लग्न तोंडावर आलं होतं, मारहाणीनंतर चार दिवसांनी तो गेला. तो चिनी वंशाचा होता, जपानी नव्हे. मारणाऱ्यांना शिक्षा झाली ती तीन वर्षांची देखरेख (प्रोबेशन) आणि ३,००० डॉलर दंड. तुरुंगवास नाही. प्रत्येक विनोदाने खून होतो असं मी म्हणत नाही. पण गाडीचा राग वंशावर काढायची सवय कुठे जाऊ शकते, हे या छंदाला चाळीस वर्षांपूर्वीच कळलेलं आहे.

मग गाड्यांवर टीका करायचीच नाही का? खुशाल करा, मीही करतो. पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीच्या डिकीवर भलामोठा विंग लावला तर तो दाब मागच्या चाकांवर देतो, जिथे ओढ नाहीच. हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे शहरातल्या वेगात तो विंग नुसता वजन वाहतो. चाकं अतोनात तिरकी केली की टायरची आतली कड झिजते आणि ब्रेक लावताना पकड कमी होते. बॉनेटवरच्या खोट्या स्कूपातून, म्हणजे हवा घेण्याच्या नुसत्या देखाव्याच्या झरोक्यातून, हवा जात नाही. हे सगळं मालकाचं आडनाव न विचारता सांगता येतं, आणि ऐकणाऱ्याला त्याचा उपयोगही होतो.