‘मेलेले जिवाणू विकतात’ या एका ताऱ्याच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

मक्याच्या बियाण्याला लावलेल्या आमच्या पीएसबीबद्दलचा (जमिनीत अडकलेला स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, पिकाला सोडवून देणाऱ्या जिवाणूंचं खत) तुमचा अभिप्राय वाचला. दोन दिवस फोन उचलला गेला नाही, ही चूक आमचीच. माफी असावी. बाटलीमागची अक्षरं चष्मा लावूनही वाचता येत नाहीत असं तुम्ही लिहिलंय, तेही मान्य. वासाचं म्हणाल तर द्रवरूप पीएसबीला आंबूस वास असतोच. तळाचा गाळ म्हणजे खाली बसलेल्या जिवाणूंच्याच पेशी, म्हणून आधी बाटली हलवायची. बाटली फुगली असती किंवा कुजका वास आला असता, तर तुमच्याआधी आम्हीच ती परत मागितली असती.

पण ‘मेलेले जिवाणू बाटलीत भरून विकतात’ हे वाक्य तुम्ही सगळ्यात वर टाकलंय, ते सोडून देता येत नाही. पेरणीच्या तोंडावर लोक तेवढंच वाचतात आणि पुढे जातात.

जिवंत किती, हे आम्ही अंदाजाने छापत नाही. बाटलीतला १ मिली द्रव ९ मिली निर्जंतुक पाण्यात, त्यातला १ मिली पुढच्या ९ मिलीत, असं पाच नळ्या करत जायचं. पाचव्या नळीतला ०.१ मिली पिकोव्हस्काया नावाच्या, जिवाणू वाढवायच्या माध्यमाच्या थाळीवर पसरून ती २८ ते ३० अंशांना ठेवायची. या माध्यमात ट्रायकॅल्शियम फॉस्फेट असतं, म्हणून थाळी दुधासारखी पांढरी दिसते. तीन-चार दिवसांनी तिच्यावर ठिपके उठतात आणि कामाच्या जिवाणूच्या ठिपक्याभोवती काचेसारखं पारदर्शक वलय पडतं. जिवाणूने सोडलेल्या ग्लुकॉनिक आम्लाने तिथला फॉस्फेट विरघळलेला असतो. असे १०० ठिपके आले तर मूळ बाटलीत मिलीला १० कोटी जिवंत पेशी. त्याखाली आकडा आला की ती बॅच भरतच नाही. मेलेली पेशी ठिपका उठवत नाही दादा, वलय तर दूरच.

आता तुम्हीच टाकलेल्या फोटोकडे या. बादलीतलं पाणी निळसर हिरवं आहे. आमचं द्रावण मातकट पिवळं असतं, हे तुमच्याच दुसऱ्या फोटोतल्या बाटलीत दिसतंय. बादलीतला तो रंग कॉपर ऑक्सिक्लोराइडचा, म्हणजे तांब्याच्या बुरशीनाशकाचा. ‘एकदाच भिजवणं व्हावं म्हणून औषध आणि पीएसबी एकत्र केलं’ हेही तुम्हीच लिहिलंय. तांबं बुरशी आणि जिवाणू असा भेद करत नाही. जिवाणूजन्य करप्यावर आपण तेच फवारतो ना? मग आमच्या जिवाणूंनी त्यात कसं तगायचं? तांब्याचे आयन पेशीचं आवरण खिळखिळं करतात आणि आतल्या विकरांना (एन्झाइम्सना) चिकटून त्यांचं काम बंद पाडतात. आमच्या बाटलीतले बॅसिलस जातीचे जिवाणू बीजाणू (टणक कवचात झोपलेल्या पेशी) करतात, त्यामुळे ऊन, कोरडेपणा थोडाफार सोसतात. पण बीजाणू तगला तरी बियाण्यावर तांब्याचा थर तसाच असतो, रुजताना त्याची गाठ तांब्याशीच पडते. म्हणजे जिवाणू मेले असतील, नाही असं नाही. पण ते आमच्या बाटलीत मेले नाहीत, तुमच्या बादलीत मेले. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण दुसरं काय लिहायचं?

क्रम असा असतो: आधी बुरशीनाशक, ते सुकलं की कीटकनाशक, सगळ्यात शेवटी जिवाणू. किलोला १० मिली, हलक्या हाताने चोळून अर्धा तास सावलीत सुकवायचं आणि त्याच दिवशी पेरायचं. तांब्याचं औषध असेल तर क्रम पाळूनही भरवसा नाही. तेव्हा पीएसबी बियाण्याला लावायचंच नाही, चांगल्या कुजलेल्या शेणखतात मुरवून सरीत द्यायचं. सुपर फॉस्फेट किंवा युरियातही कालवायचं नाही, त्यातलं आम्ल आणि क्षार जिवाणूंना मारक असतात. हे सगळं त्या बारीक अक्षरांत आहे. असो.

‘आठ दिवस झाले, मका जांभळाच’ याबद्दलही थोडं. पहिले दोन-तीन आठवडे रोप बहुतांश बियाण्यातल्या साठ्यावर जगतं. त्या वयात मुळं आखूड असतात आणि स्फुरद जमिनीत जवळपास हलत नाही, मुळालगतच्या काही मिलिमीटरांतलाच हाती लागतो. त्यात माती गार किंवा पाण्याने गच्च असली की मुळं आणखी अडतात आणि पानं जांभळी पडतात. जिवाणूंना आधी मुळांतून झिरपणाऱ्या साखरेवर वाढावं लागतं, मग ते आम्ल सोडतात, मग चुनखडीने धरलेला स्फुरद सुटतो. फरक पाहायचा तर चौथ्या-पाचव्या आठवड्यात, तोही शेजारी पीएसबी न दिलेल्या चार ओळी ठेवून. उगवण चांगली झाली हे तुम्हीच लिहिलंय, तेव्हा पीक हातचं गेलेलं नाही.

आणि एक. ‘पीएसबी घेतलं म्हणून खताचा पेरणीवेळचा डोस दिलाच नाही’ असं अभिप्रायाच्या शेवटी आहे. जिवाणू स्फुरद तयार करत नाहीत, अडकलेला सोडवतात. त्यांच्या जोरावर फार तर पाव भाग खत कमी करावं. पूर्ण बंद करा असं आम्ही कुठेही म्हटलेलं नाही, आणि कुणी म्हणत असेल तर त्याच्याकडून घेऊ नका.

अजून वेळ आहे. एकरी १ लिटर पीएसबी २०० लिटर पाण्यात घालून संध्याकाळी मुळाशी आळवणी करा, म्हणजे ते पाणी रोपांच्या बुडाशी ओता. जमिनीत ओल हवी. नळाचं क्लोरीनचं पाणी असेल तर रात्रभर उघड्या पिंपात ठेवून मगच वापरा. पुढेमागे आठ दिवस बुरशीनाशकाची आळवणी नको. यासाठी लागणारी बाटली आमच्याकडून, तिचे पैसे देऊ नका.

अक्षरं मोठी करायचं बघतोच आहोत. फोनचंही काहीतरी करू.

जुन्या बाटलीत थोडं उरलं असेल तर झाकण घट्ट लावून, उन्हात न ठेवता पाठवून द्या. तुमच्यासमोर थाळीवर पसरू आणि चौथ्या दिवशी ठिपके तुम्हीच मोजा. वलयं दिसली नाहीत तर तो एक तारा तसाच राहू द्या. दिसली तरी राहू द्या हवं तर, फक्त ‘मेलेले’ एवढा शब्द काढा.