साइक्सला सासऱ्याने मोठं केलं?

मुंबई इलाख्याचा १९२८ ते १९३३ मधला गव्हर्नर सर फ्रेडरिक साइक्स याच्याबद्दल एक मजकूर सध्या बराच फिरतोय. त्याचं म्हणणं असं: साइक्स नावापुरता वैमानिक, ब्रिटिश विमानदल उभं केलं ते एकट्या ट्रेंचर्ड या लष्करी अधिकाऱ्याने, साइक्सला पदं मिळाली सासरा पंतप्रधान होता म्हणून, आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात क्रांतिकारक गोगट्यांनी गोळ्या झाडल्या त्या त्याच्यावरच.

सासऱ्याचं आधी उरकू. बोनर लॉच्या मुलीशी साइक्सचं लग्न झालं १९२० साली. रॉयल फ्लाइंग कोअरच्या (पुढच्या विमानदलाची पूर्वज असलेल्या उड्डाण संघटनेच्या) लष्करी शाखेचा तो पहिला प्रमुख झाला १९१२ मध्ये. लॉ वारला १९२३ मध्ये, म्हणजे मुंबईच्या नेमणुकीआधी पाच वर्षं. १९२२ च्या खासदारकीवर शंका घ्यायची तर खुशाल घ्या, तेव्हा पक्ष सासऱ्याच्याच हातात होता.

वैमानिक म्हणाल तर साइक्सने विमानाचा परवाना काढला १९११ मध्ये. ट्रेंचर्डने काढला त्यानंतर वर्षभराने, वयाच्या ३९ व्या वर्षी आणि हवेत एकूण जेमतेम तासभर काढून. तेव्हा तेवढं पुरत असे, त्यात ट्रेंचर्डचा कमीपणा नाही.

आता 'एकट्या ट्रेंचर्डने'. पहिलं महायुद्ध चालू असताना लष्कर-नौदलापासून वेगळं विमानदल काढायला खुद्द ट्रेंचर्डचाच विरोध होता. दल १ एप्रिल १९१८ ला अस्तित्वात आलं, तेव्हा पहिला प्रमुख म्हणून त्याचं नाव होतं खरं, पण मंत्र्याशी बिनसल्यामुळे राजीनामा त्याने मार्चमध्येच दिलेला. दोन आठवड्यांत साइक्सने सूत्रं घेतली आणि युद्ध संपेपर्यंत दल त्याच्याच हाताखाली लढलं. दोघांचं वाकडं जुनंच. १९१४ च्या अखेरीस साइक्सच्या हाताखाली काम करायची वेळ आली, तर ट्रेंचर्डने आपल्या जुन्या पलटणीत परत पाठवा असा हट्ट धरला होता! 'विमानदलाचा जनक' ही पदवीही त्याला रुचत नसे; तो मान रॉयल फ्लाइंग कोअर चालवणाऱ्या डेव्हिड हेंडरसनचा, असं तो म्हणे. १९१९ नंतर मात्र श्रेय ट्रेंचर्डचंच. शांततेच्या काळात साइक्सने दीडशेहून जास्त स्क्वॉड्रनची (विमानांच्या तुकड्यांची) योजना मांडली, तिजोरीत खडखडाट असताना. तेव्हाचा युद्ध व हवाई मंत्री चर्चिल याने स्वस्तातली योजना देणाऱ्या ट्रेंचर्डला परत आणलं आणि साइक्सला नागरी विमानवाहतुकीकडे धाडलं. पुढची दहा वर्षं काटकसरीच्या कात्रीतून दल वाचवलं ते ट्रेंचर्डने.

राहिले गोगटे. २२ जुलै १९३१ ला वासुदेव बळवंत गोगट्यांनी फर्ग्युसनमध्ये अगदी जवळून गोळी झाडली ती अर्नेस्ट हॉटसनवर. साइक्स तेव्हा रजेवर होता आणि हॉटसन हंगामी गव्हर्नर. खिशातल्या पाकिटाच्या धातूच्या बटणावर गोळी अडली आणि हॉटसन वाचला. गोगट्यांचा राग सोलापूरच्या मार्शल लॉवरचा होता. तो मार्शल लॉ मे १९३० चा, आणि त्याच सोलापूर प्रकरणातल्या धनशेट्टी, सारडा, शिंदे व कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिली गेली १२ जानेवारी १९३१ ला. या दोन्ही वेळी गव्हर्नर साइक्सच होता.