कामगारांवर खापर फोडणं थांबवा

"डेट्रॉइट युनियनने बुडवलं." डेट्रॉइट या मोटारनगरीतल्या अमेरिकी कंपन्यांचा विषय निघाला की कुणीतरी हे वाक्य टाकतंच आणि बाकीचे माना डोलावतात. २०२५ मध्ये ट्रम्प यांनी आयात गाड्यांवर २५ टक्के शुल्क लावलं, तेव्हा त्याला शेपूट जोडलं गेलं की परदेशी गाड्यांनी अमेरिकेचा धंदा खाल्ला. मी भोसरी-चाकण पट्ट्यात सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांच्या क्वालिटी विभागात नोकरी केली आहे. लाइनवरची माणसं कशी काम करतात आणि भाव पाडायचे निर्णय कुठे होतात, हे जवळून पाहिलंय. त्यामुळे ही वाक्यं ऐकली की राग येतो.

घसरण खरीच मोठी आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या दर दोन गाड्यांतली जवळपास एक जनरल मोटर्सची असायची. जगातली सर्वात मोठी मोटार कंपनी हा मान जीएमने ७७ वर्षं राखला. २००९ च्या १ जूनला तीच कंपनी दिवाळखोरीसाठी कोर्टात गेली. क्रायस्लर महिनाभर आधीच गेली होती. अमेरिकी सरकारने जीएममध्ये सुमारे ५० अब्ज डॉलर ओतले, त्यातले ११ अब्ज परत आलेच नाहीत. प्लिमथ, ओल्ड्समोबिल, पॉन्टिअ‍ॅक, सॅटर्न ही नावं दशकभरात पुसली गेली. २०२४ मध्ये फोक्सवॅगन समूहाने जगभरात ९० लाखांच्या आसपास गाड्या विकल्या, जीएमने ६० लाखांच्या.

आता अमेरिकी कामगारच वाईट असेल, तर दक्षिण कॅरोलिनातल्या स्पार्टनबर्गचं काय करायचं? बीएमडब्ल्यूने १९९४ मध्ये तिथे गाड्या बनवायला सुरुवात केली. आज हा बीएमडब्ल्यूचा जगातला सर्वात मोठा कारखाना आहे. एक्स-५ तिथे बनते आणि तिथून जगभर जाते. हात सगळे अमेरिकी. कुणी म्हणेल, तिथे युनियन नाही म्हणून जमतं. ठीक आहे, मग जर्मनीत जाऊ. तिथे आयजी मेटालसारखी तगडी युनियन आहे. १९७६ च्या कायद्याने दोन हजारांहून जास्त कामगार असलेल्या कंपनीच्या, व्यवस्थापनावर देखरेख ठेवणाऱ्या पर्यवेक्षक मंडळावर निम्म्या जागा कामगारांच्या प्रतिनिधींना मिळतात. १९९३ मध्ये फोक्सवॅगन अडचणीत आली, तेव्हा सुमारे ३० हजार नोकऱ्या वाचवायला युनियनशी बोलून आठवडा चार दिवसांचा, २८.८ तासांचा केला गेला. युनियनने कंपन्या बुडत असत्या तर वोल्फ्सबुर्गला, फोक्सवॅगनच्या मुख्य कारखान्याला, कधीच कुलूप लागलं असतं.

आणि ओपेल! ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी काढत नाही. रुसेल्सहाइमची ओपेल म्हणजे अस्सल जर्मन कंपनी. तीच माती, तीच युनियन, तोच कायदा, तसेच शिकाऊ उमेदवारीतून तयार झालेले कारागीर. फरक एवढाच की १९२९ पासून मालक जीएम. एकेकाळी ती फोक्सवॅगनला घाम फोडायची. नव्वदच्या दशकात जीएमच्या खरेदी विभागाचे प्रमुख होसे इग्नासिओ लोपेझ यांनी पुरवठादारांना असं पिळलं की भाव उतरले, आणि भावाबरोबर ओपेलचा दर्जाही. १९९९ नंतर जीएमला युरोपात पूर्ण वर्षाचा नफा दिसलाच नाही. शेवटी २०१७ मध्ये ओपेल फ्रान्सच्या पीएसए या मोटार कंपनीला विकली. नव्या मालकाकडे गेल्यावर २०१८ मध्येच ती नफ्यात आली. माणसं कमी केली हे खरं, पण त्यासाठी युनियनशी बोलून स्वेच्छानिवृत्तीचा रस्ता काढला. ज्या कारखान्यांना जीएमला अठरा वर्षं नफ्यात आणता आलं नाही, ते तेच होते.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. घसरण वरच्या मजल्यावरून सुरू झाली. गाडीपेक्षा तिमाहीचा हिशेब मोठा झाला, तिथून.

कॅडिलॅक या जीएमच्या महागड्या ब्रँडची सिमारॉन घ्या. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला बीएमडब्ल्यूची छोटी ३ सीरिज अमेरिकेतल्या तरुण, पैसेवाल्या गिऱ्हाइकांना आवडायला लागली होती. उत्तर म्हणून जीएमने काय केलं? शेव्हरोले कॅव्हेलिअर ही आपली स्वस्तातली गाडी घेतली, आत चामड्याच्या सीट टाकल्या, पुढे कॅडिलॅकचं बोधचिन्ह लावलं आणि १९८२ चं मॉडेल म्हणून जास्तीच्या किमतीला उभी केली. इंजिन तेच चार सिलिंडरचं, ८८ अश्वशक्तीचं. शोरूममध्ये दार उघडणाऱ्या माणसालाही कळत होतं. कॅडिलॅक हे नाव कमवायला ऐंशी वर्षं लागली होती. त्या काळात तिकडे बीएमडब्ल्यूवाले सस्पेन्शन आणि स्टिअरिंगवर घाम गाळत होते.

पण माझ्यासारख्या क्वालिटीवाल्याच्या काळजाला भिडतो तो इग्निशन स्विच. जीएमच्या शेव्हरोले कोबाल्ट आणि तिच्या भावंडांत चावी फिरवायच्या स्विचमध्ये एक छोटा प्लंजर आणि त्यामागे स्प्रिंग असते. चावी 'रन'वर गेली की तिला तिथे धरून ठेवणं हे त्यांचं काम. ही पकड ड्रॉइंगवर ठरली होती त्यापेक्षा कमी भरत होती, तरी भाग मंजूर झाला. परिणाम असा की चाव्यांचा जड जुडगा असेल किंवा गुडघा लागला, तर चालत्या गाडीत चावी मागे सरकायची. इंजिन बंद, पॉवर स्टिअरिंग बंद, आणि अपघात झालाच तर एअरबॅगही उघडत नाही. दुरुस्तीचा खर्च गाडीमागे एका डॉलरच्याही आत होता. तो परवडत नाही असं ठरलं.

याहून भयंकर पुढे आहे. २००६ मध्ये प्लंजर आणि स्प्रिंग गुपचूप लांब केली गेली, पण पार्ट नंबर तोच ठेवला. आमच्या धंद्यात नवीन पोराला पहिल्याच महिन्यात शिकवतात: भागाच्या कामगिरीत फरक पडला की नंबर बदलायचा, नाहीतर जुना माल आणि नवा माल एकाच बिनमध्ये मिसळतो आणि दोष कधीच सापडत नाही. इथे तेच झालं. कंपनीचेच तपासनीस वर्षानुवर्षं चक्रावलेले, की जुन्या गाड्यांत एअरबॅग उघडत नाही आणि नव्या गाड्यांत उघडते, स्विच तर एकच! शेवटी जॉर्जियातल्या एका मृत्यूच्या खटल्यात कुटुंबाच्या बाजूच्या तज्ज्ञ अभियंत्याने जुना आणि नवा स्विच उघडून शेजारी ठेवले, तेव्हा फरक दिसला. २०१४ मध्ये २६ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. भरपाई निधीने १२४ मृत्यू या दोषाशी जोडले. चौकशी अहवालात लिहिलंय की बैठकीत सगळे मान डोलवायचे आणि उठून गेल्यावर कुणीच काही करायचं नाही. मला सांगा, यात असेंब्ली लाइनवरच्या माणसाचा दोष कुठला?

दुसऱ्या बाजूचं एक म्हणणं मी मान्य करतो. निवृत्त कामगारांच्या पेन्शन आणि उपचारांचं ओझं डेट्रॉइटवर खरंच होतं. २००५ च्या सुमारास जीएमचा आरोग्याचा खर्च एका गाडीमागे सुमारे १५०० डॉलर पडायचा. जर्मनीत हा भार सामाजिक विम्यातून उचलला जातो. पण मोटार कामगारांच्या युनियनचे नेते वॉल्टर रूथर हे सरकारी आरोग्यविम्याच्याच बाजूचे होते. युनियनबरोबरच्या १९५० च्या करारावर जीएमने आनंदाने सह्या केल्या, कारण आज पगार वाढवण्यापेक्षा उद्याची पेन्शन कबूल करणं सोपं होतं.

आयात शुल्काचंही तेच. १९६४ मध्ये अमेरिकेने हलक्या ट्रकवर २५ टक्के शुल्क लावलं. भांडण होतं युरोपने अमेरिकी कोंबडीवर लावलेल्या कराचं, आणि नेम होता फोक्सवॅगनच्या ट्रकवर. ते शुल्क आजही आहे. त्याच्या आडोशाला पिकअप ट्रकचा नफा इतका सुखाचा झाला की छोटी गाडी नीट बनवायची कुणाला गरजच उरली नाही. २०१८ मध्ये फोर्डने उत्तर अमेरिकेत मस्टँग सोडून जवळपास सगळ्या कार बंद करायचं जाहीर केलं. पन्नासहून जास्त वर्षांच्या संरक्षणाचं हे फळ. आता पुन्हा शुल्कच वाढवायचं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

जर्मन लोक साधुसंत नाहीत. मर्सिडीज बनवणाऱ्या डाइमलरने १९९८ मध्ये क्रायस्लरला ३६ अब्ज डॉलरच्या सौद्यात जोडून घेतलं आणि नऊ वर्षांत मातेरं करून सोडून दिलं. फोक्सवॅगनने डिझेलच्या धुरात फसवणूक केली, १.१ कोटी गाड्यांत, आणि २०१५ मध्ये पकडली गेली. त्या पापाला माफी नाही.

आपल्या तळेगावचंही सांगायला हवं. जीएमचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला. २०१३ मध्ये याच कंपनीला उत्सर्जन चाचणीतल्या लबाडीपायी एक लाखाहून जास्त तवेरा परत बोलवाव्या लागल्या. २०१७ मध्ये तिने भारतात गाड्या विकणं थांबवलं, २०२० च्या डिसेंबरात तळेगावचं उत्पादनही बंद. शेव्हरोले घेतलेले लोक सुट्या भागांसाठी वणवण करत होते आणि कामगार गेटबाहेर बसले होते. २०२४ च्या जानेवारीत कारखाना ह्युंदाईकडे गेला. फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना २००९ चा. तिचाही खप इथे कधी फार मोठा झाला नाही, पण ती राहिली, निर्यात करत राहिली.

आज जर्मनीतही दिवस वाईट आहेत. चीनमधला धंदा आटतोय, गाडीतलं सॉफ्टवेअर नीट बसत नाही, विजेच्या गाड्यांत उशीर झालाय. २०२४ च्या डिसेंबरात फोक्सवॅगन आणि युनियन यांच्यात २०३० पर्यंत ३५ हजारांहून जास्त नोकऱ्या कमी करायचा करार झाला, सक्तीने कुणालाही न काढता. कामगारांनी पगारवाढ सोडली. इलेक्ट्रिक गाड्या आणि सॉफ्टवेअरला उशीर करण्याचा निर्णय त्यांनी घेतला नव्हता, आणि २०३० पर्यंत तरी त्या चुकीचा हिशेब ती चूक करणाऱ्यांकडे मागितला जातो का, हे मी डोळ्यात तेल घालून पाहणार आहे.