‘मेकॅनिकचं काम शिकू नका’ या मेसेजबद्दल खुलासा

‘इलेक्ट्रिक गाडीला इंजिनच नसतं, त्यामुळे मेकॅनिकची गरज संपली, मुलांना या कामाला घालू नका,’ असा मेसेज सध्या फिरतोय. त्यातला पहिला भाग खरा आहे. इंजिन ऑइल, स्पार्क प्लग, सायलेन्सर ही कामं त्या गाडीत नसतात. पुढचा निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

कुठल्याही इलेक्ट्रिक गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल उघडून बघा. ब्रेक, सस्पेन्शन, स्टिअरिंग, व्हील बेअरिंग, एसी, कूलंट हे सगळं तिथे आहेच. बहुतेक गाड्यांत १२ व्होल्टची छोटी बॅटरीही असते आणि गाडी सुरू न होण्यामागे पुष्कळदा तीच असते. ब्रेकचं उदाहरण तर शिकाऊ मुलांनी नीट समजून घ्यावं: वेग कमी करताना मोटरच बराचसा भार उचलते, म्हणून पॅड कमी झिजतात, पण ब्रेक कमी वापरल्यामुळे डिस्कला गंज चढतो, कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) जाम होतो. काम बदललं, संपलं नाही. हायब्रिडमध्ये तर इंजिन आणि मोटर दोन्ही असतात.

एक गोष्ट मेसेजमध्ये हवी होती. मुख्य बॅटरी साधारण ४०० व्होल्टची, काही गाड्यांत ८०० ची असते. वेगळं प्रशिक्षण घेतल्याशिवाय नारिंगी केबलला, म्हणजे हाय व्होल्टेजच्या वायरला, हात लावणं जिवावर बेतू शकतं. म्हणून शिकायला जागा निवडताना तिथे वायरिंग, स्कॅनर (गाडीतला बिघाड शोधायचं यंत्र) आणि हाय व्होल्टेजचं काम शिकवतात का, हे आधी विचारा.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवला असेल, त्यांना हा खुलासा पाठवा.