बिले कोण देणार?

कातळ चढायला म्हणून तैलबैल्याच्या दोन कातळभिंतींमधल्या खिंडीत नेऊन भाच्यानं मला हार्नेसमध्ये, म्हणजे दोर बांधायच्या पट्ट्यांमध्ये, आवळलं आणि सगळ्यांना विचारलं, "मामाला बिले कोण देणार?" माझा हात सवयीनं पाकिटाकडे गेला. जिथं जातो तिथं बिलं मीच देतो. पण पट्ट्यांखाली खिसाच सापडेना.

बिले म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळणं, हे मागाहून कळलं. ही पोरं बोलतात मराठीच. फक्त ती मराठीत ऐकायची नसते. "वरच्या भेगेत नट अडकलाय," असं कुणीतरी म्हणालं, तेव्हा कुठल्या नाटकातला, हे माझ्या ओठावर आलं होतं. हा नट म्हणजे तारेला लावलेली धातूची पाचर. फटीत बसवायची आणि कॅराबिनर नावाच्या कडीनं दोर तिच्यात अडकवायचा. एकदा घट्ट बसली की निघता निघत नाही. तेवढं मात्र रंगमंचावरच्या नटासारखंच.

भाच्याचा मित्र म्हणाला, "ही वॉल मी ऑनसाइट केली." आमच्या सोसायटीत कुणाचा मुलगा ऑनसाइट गेला की घरोघर पेढे येतात. इथं पेढे नाहीत. सराव न करता, कुणाला काही न विचारता, पहिल्याच झटक्यात न पडता चढलं की झालं ऑनसाइट. घासून घासून सराव केला आणि मग न पडता चढलात, तर रेडपॉइंट. हे जर्मनीतलं खूळ. १९७५च्या सुमारास कुर्ट आल्बर्ट नावाचा गिर्यारोहक, मेखांना न लोंबकळता चढून झालेल्या वाटेच्या पायथ्याशी लाल ठिपका रंगवायचा. आपल्याकडे कातळाला लाल रंग लावून बघा. दुसऱ्या दिवशी नारळ फुटतो, तिसऱ्या वर्षी जत्रा भरते.

तर मी चढलो. पंधरा फुटांवर उजवा पाय आपोआप थडथडायला लागला. "मामा, एल्विस लेग!" खाली आनंदीआनंद. एल्विस प्रेस्ली म्हणे असाच पाय हलवत गायचा. आईच्या शिलाई मशीनवर एवढ्यात दोन परकर शिवून झाले असते.

"मामा, डावीकडे जग आहे, जग!"

जग चहूकडे होतं. जास्त करून खाली. ते लोक मूठभर पकडता येईल अशा खोबणीला जग म्हणतात, हे आठवेपर्यंत बोटं सुटत आली. दोर ताणून हवा असेल तर 'टाइट' ओरडायचं आणि सैल हवा असेल तर 'स्लॅक', हे सकाळी चारदा घोकून घेतलं होतं. मी जीव खाऊन ओरडलो, "स्लॅक!"

भाचा भलताच आज्ञाधारक.

त्यानंतर माझ्या तोंडून जो शब्द निघाला तो अस्सल मराठी होता. तो मात्र खिंडीतल्या सगळ्यांना ऑनसाइट कळला.